तिसरी कॉर्ड

९ जानेवारी १९८४, सोमवार

दुपारच्या बसने ओगुराझावाला पोहोचले. बर्फ छातीपर्यंत, आकाश निळं, आणि मी विनाकारण खूश. दहा वर्षं तोक्योत दुसऱ्यांच्या चालींना खालचा मजला बांधून दिला. साबणाच्या जाहिराती, बिस्किटांच्या जाहिराती, एका दुकानाचं उद्घाटनगीत. चाल त्यांची, तिच्याखाली एकदम दाबलेले सूर, म्हणजे कॉर्ड, आणि खर्ज माझे. नाव कुठेच नाही. इथे निदान हवा आहे.

काम अडीच महिन्यांचं. शाळा चोवीस मार्चला कायमची बंद होणार. पटावर चार मुलं उरली आहेत. शाळागीताची चाल सगळ्या खोऱ्याला पाठ आहे, पण पियानोची साथ कधी कागदावर उतरलीच नाही. ती ज्या शिक्षकाच्या बोटांत होती त्याच्याबरोबर गेली. समारोपाला ती हवी आहे. मी ती नव्याने लिहायची आणि तोवर मुलांना संगीत शिकवायचं. मुख्याध्यापक हाचियांच्या पत्रात एक वाक्य अधोरेखित होतं : खर्ज लिहिता येणारी व्यक्ती पाहिजे. असं वाक्य कुणी माझ्यासाठी आजवर अधोरेखित केलं नव्हतं.

माणसं फार अदबशीर. थांब्यावर हाचिया सर आणि शाळेच्या शिपाईणबाई ताकी-सान आल्या होत्या. दोघं वाकली, बसचा चालकही खाली उतरून वाकला. मीही वाकले. वर आले तेव्हा तिघं अजून खालीच होती. ओशाळून मी पुन्हा वाकले. ताकी-सान खालूनच म्हणाली, शहरातल्या बाईंच्या कमरेत स्प्रिंग बसवलेली दिसते.

खोली शाळेच्या मागे. रॉकेलची शेगडी, रजई घातलेलं बुटकं टेबल, खिडकीत डोंगर. ताकी-सानने शेगडीवर मोची, तांदळाच्या चिकट वड्या, भाजून दिल्या. चार खाल्ल्या. ती म्हणाली, चांगलं आहे, खाणारी बाई टिकते.

१८ जानेवारी, बुधवार

आज पहिला तास, सकाळी दहाला. चार मुलं : सहावीतली शिगेमी, चौथीतला काझुमा, तिसरीतली हारुए आणि पहिलीतला तेप्पेई. तेप्पेईचे पुढचे दोन्ही दात पडले आहेत, आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

पियानो सभागृहात आहे. उभा, काळा, वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या, पण खाली अनपेक्षित भरदार. बसले आणि सवयीने नमस्काराच्या तीन कॉर्ड वाजवल्या. या देशात शाळेत वाढलेल्या कुणाचेही हात हे विचार न करता करतील. पहिलीला ताठ, दुसरीला वाकायचं, तिसरीला वर यायचं. खर्जात सा, प, सा. याहून सोपं माझ्या धंद्यात काही नाही.

मुलं पहिलीला गोंधळली. दुसरीला वाकली, जणू रोजचंच. तिसरीला वर आली, किंचित उशिरा. शिगेमी म्हणाली, बाई, आमच्याकडे हे नसतं, आमच्याकडे नुसतं तोंडाने ‘नमस्कार’ म्हणतात. तेप्पेई म्हणाला, मला आवडलं, पोटातून कुणीतरी ओढतं, पुन्हा करा. पुन्हा केलं.

दारात ताकी-सान बादली घेऊन उभी होती. बादली तिथेच ठेवून निघून गेली. तास संपला तेव्हा फडकं बादलीत गोठलं होतं.

२७ जानेवारी, शुक्रवार

शाळागीत सोळा मात्रांचं, साधं, डोंगर आणि नदी. असल्या चालीखाली खर्ज चालता ठेवावा लागतो, नाहीतर गाणारे बसून घेतात. दोन मसुदे केले. दुसऱ्यात खर्ज पायरी पायरीने उतरतो आणि शेवटच्या ओळीत घरी येतो. हाचिया सरांना वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि विचारलं, शेवटी घरी आल्यासारखं वाटायला नेमकं काय लागतं? मी म्हणाले, खर्जाने सा गाठावा लागतो, आणि त्याआधी ऐकणाऱ्याला सा हवासा वाटावा लागतो. ते म्हणाले, हवासा वाटतोच आहे.

एक गोष्ट आज ध्यानात आली. इथे म्हातारी माणसं वाकलेली आहेत याचं मला काही वाटलं नव्हतं. शेतातल्या गावांत असतातच. पण बसचालक एक्केचाळीस वर्षांचा आहे. हाचिया सर बेचाळीस. ताकी-सान माझ्याहून फक्त चार वर्षांनी मोठी, आणि तिला काचा पुसायला बाकावर चढावं लागतं. उलट, सत्तरीतले काही जण सरळ चालतात.

मुलं तिसऱ्या कॉर्डला अजून उशिरा उठतात. आज मोजलं. दोन मात्रा.

८ फेब्रुवारी, बुधवार

आज पाच मात्रा. हारुए वर आली ती कुणी झोपेतून उठवावं तशी.

तासानंतर ताकी-सानला घट्ट धरून बसवलं. तिने आधी मला झापलं. म्हणाली, शिकलेल्या बायकांचे हातच आधी चालतात, विचारायचं म्हणून नाही. मग सांगितलं.

तीस वर्षांपूर्वीचा मार्च, निरोपसमारंभ, याच सभागृहात एक्केचाळीस मुलं. पियानोवर साकाकी मास्तर, ज्यांनी शाळागीत बांधलं ते. त्यांनी पहिली कॉर्ड वाजवली. दुसरी वाजवली. मुलं वाकली. मास्तरांचं हृदय तिथेच थांबलं आणि ते पट्ट्यांवर पडले, डाव्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत. मोठी माणसं धावली. त्यांना घोंगडीत घालून खाली दवाखान्याकडे नेलं. सगळे मागून गेले. मुलांना कुणी वर या म्हटलं नाही. तिसरीशिवाय वर यायचं नाही, असं मुलांना शिकवलेलं. शिस्तीची शाळा होती, ताकी-सान म्हणाली, जिल्ह्यात नाव होतं.

चाळीस मिनिटांनी कुणाला तरी आठवण झाली. मुलं तशीच होती. उभं राहा म्हटल्यावर ती जमेल तेवढी उभी राहिली.

ताकी-सान तेव्हा दुसरीत होती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवून मला विचारलं, तुमच्याकडे बघायला मला मान किती वर करावी लागते, दिसतं ना? ती हसत होती. मला हसता आलं नाही.

त्यानंतर या पियानोवर नमस्कार कुणी वाजवला नाही. प्रत्येक नव्या शिक्षकाला मुख्याध्यापक पहिल्या दिवशी बजावून सांगतात. मला हाचिया सरांनी सांगितलं नव्हतं.

उद्यापासून वाजवणार नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

काल आणि आज तोंडीच नमस्कार. मुलं झटकन वाकली, झटकन उठली. काझुमा म्हणाला, बाई, पियानोवालं जास्त चांगलं होतं. मला हलकं वाटलं. दुपारभर शाळागीताचा तिसरा मसुदा. यात खर्ज पंचमावर थांबतच नाही. बाजूने जातो.

१२ फेब्रुवारी, रविवार

दहा वाजून दहा मिनिटांनी हारुएच्या आईचा फोन आला. हारुए जेवणाच्या टेबलाशी वाकून उभी आहे. हाक मारली तर ‘हो’ म्हणते. उठत नाही. दुखत नाही म्हणते. म्हणते, अजून वाजलं नाही. तोवर शिगेमीकडून फोन. मग काझुमाकडून. तेप्पेई अंगणात बर्फ उडवत होता, तो तिथेच वाकला आहे आणि आजोबांनी त्याच्यावर छत्री धरली आहे.

गावात प्रत्येक घरात तारेवरचा भोंगा आहे, सूचना द्यायला. हाचिया सरांनी सभागृहातून तो जोडून दिला. काय करायचं हे त्यांनी मला विचारलंही नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. मी सा-प-सा वाजवलं. चारही घरांतून फोन आले, उठली.

१५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवसांत नियम समजला. तो इथे मांडून ठेवते.

दहाच्या ठोक्याला मुलं वाकतात, कुठेही असली तरी. मी काहीही न वाजवता. मी वाजवेन ती कॉर्ड त्यांना उठवते, पण ती घरी आणणारी असली पाहिजे. आणि एकदा उठवलेली कॉर्ड पुन्हा उठवत नाही. सोमवारी सा-प-सा वर कुणी हललं नाही. सूर बदलला, दीड स्वर खालून तेच केलं, तेव्हा उठली. काल खर्ज पंचमावरून षड्जाऐवजी धैवतावर नेला, ऐकणाऱ्याला चकवून. उठली, पण तेप्पेई रडला. आज मध्यमावरून षड्ज, चर्चमध्ये शेवटी वाजतं तसं.

कालचीच कॉर्ड टेपवर घेऊन लावून पाहिली. काही नाही.

खालच्या गावातल्या डॉक्टरांनी चौघांना तपासलं. वाढत्या वयातलं आहे म्हणाले, दूध द्या. हारुएची आई त्यांना म्हणाली, आमच्याकडे वासराइतकं दूध पितात हो. डॉक्टर हसले.

वहीच्या मागच्या पानांवर यादी सुरू केली. वापरलेल्या कॉर्ड, त्यांचा खर्ज, किती वेळात उठली. आज अकरा सेकंद.

२० फेब्रुवारी, सोमवार

बसचालक ताठ झाला.

थांब्यावर तो उतरला आणि मी त्याला ओळखलं नाही. मला वाटलं, बदली चालक. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजून गेल्यावर गाडी पुसताना पाठीत काहीतरी सुटलं म्हणाला. आरसा वर करून घ्यावा लागला. त्याने माझ्या हातात एक पिशवी दिली, वाळवलेली पर्सिमनची फळं. मागून उतरलेली किराणावाली म्हणाली, तिच्या वहिनीचंही सुटलं, शनिवारी.

सगळं गाव माझ्याशी फार गोड वागतं आहे. दाराशी रोज काहीतरी असतं. कोबी, अंडी, लोणचं.

मुलं उठतात. पण पूर्ण नाही. आज काझुमाला फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात नेता आला नाही. गेल्या महिन्यात नेत होता.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

हाचिया सरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ते नाकबूल झाले नाहीत. एक कागद काढला. त्यावर एक्केचाळीस नावं होती, हजेरीच्या क्रमाने. बारा जणांच्या नावांपुढे मृत्यूचं साल. आणखी बारा नावांवर, ज्यांची पाठ सुटली त्यांच्या, ताजी लाल रेघ : बारा तारखेपासून रोज एक, काल रात्रीपर्यंत. आजचं तेरावं नाव त्यांनी माझ्यासमोर खोडलं.

ते म्हणाले, नुसता संगीतशिक्षक आणला असता तर त्याने तीच एक तिसरी वाजवली असती, आणि ती एकालाच पुरली असती. आम्ही एक्केचाळीस आहोत. प्रत्येकाला स्वतःची लागते. म्हणून लिहिता येणारं माणूस शोधलं. शाळा बंद झाल्यावर दहाचा तास कुठून आणायचा?

मी विचारलं, आणि मुलं?

ते म्हणाले, वाजवायला कुणीतरी समोर वाकलेलं लागतं. मी काही केलं नाही. मी फक्त तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच. तेवढं वाक्य त्यांनी मान खाली घालून म्हटलं, पण त्यांची मान खालीच असते.

मी म्हणाले, उद्या सकाळच्या बसने जाते. ते म्हणाले, जा. दहाला मुलं वाकतील.

गेले नाही.

मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. मला त्याची शरम वाटते. जिवंत एकोणतीस. त्यांच्या रांगेत मुलं शेवटी उभी आहेत. एकोणतिसावा अकरा मार्चला. तीस, एकतीस, बत्तीस, तेहेतीस ही मुलांची. म्हणजे आणखी वीस कॉर्ड. वीस मला जमतील.

२७ फेब्रुवारी, सोमवार

शिगेमीची आई आली होती. कालपासून ती ताठ आहे. दारात उभी राहिली आणि वरच्या चौकटीला डोकं आपटलं, त्याचंच तिला हसू आलं. म्हणाली, बाई, मी तेव्हा पहिलीत होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली. नवऱ्याचं तोंड समोरून काल पाहिलं, मेला डावीकडे मिशी कमी ठेवतो.

शिगेमी तिच्या मागे उभी होती, आपल्या चपलांकडे बघत. आई एकदाही वळली नाही. जाताना हळूच म्हणाली, हिच्याकडे बघवत नाही मला. बघवत नाही, खरं सांगते. पण उद्या थांबू नका हो, माझे धाकटे दीर राहिलेत.

४ मार्च, रविवार

बाविसावी. चौदा सेकंद.

घरं संपत चालली आहेत. हे इतर कुणाला कसं समजावावं? कॉर्ड असंख्य आहेत, कुणीही सांगेल. पण घरी आल्यासारखं वाटवणाऱ्या फार थोड्या. बारांपैकी ज्या सुरांचा पंचम या पियानोवर कानाला पंचम वाटतो, तेवढ्यांवर सा-प-सा झालं. इतर सुरांवर मुलं वाकलेलीच राहिली, मला दुसरी कॉर्ड शोधावी लागली. खर्ज अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरवत नेला. खर्जात गंधार ठेवला. गंधार काढूनच टाकला, पोकळ. प्रत्येक वेळी दुसरंच घर बांधते, आणि प्रत्येक घरात कुणीतरी आधीच राहायला गेलेलं असतं.

सकाळी सहापासून पियानोशी. ताकी-सान चहा ठेवून जाते. तिचं परवा सुटलं. सभागृहातला दिवा ती वीस वर्षं काठीला फडकं बांधून पुसत आली. आज हाताने पुसला आणि रडली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, मला परत वाकवता येतं का बघा. तेप्पेईच्या बदल्यात. मी म्हणाले, ते लिहिता येत नाही.

११ मार्च, रविवार

एकोणतीस. हाचिया सर. अकरा वाजता ते सभागृहात आले, ताठ, अनोळखी. आभार मानले. वाकले नाहीत. म्हणाले, क्षमा करा, धीर होत नाही.

उद्यापासून मुलांच्या. चार राखून ठेवल्या आहेत. चांगल्या आहेत. त्यातली पहिली गेल्या आठवड्यात सुचली तेव्हा मला बरं वाटलं होतं, खूप वर्षांनी.

१२ मार्च, सोमवार

वाजवली. मुलं उठली, रोजच्याइतकीच. रोजच्याहून थोडी कमी. चौघांतलं कुणीही सुटलं नाही.

मी समजू शकले नाही. कॉर्ड बरोबर होती.

दुपारी ताकी-सान मला हाताला धरून शाळेच्या वरच्या अंगाला घेऊन गेली. स्मशान. इथे परवापरवापर्यंत माणसाला गोल लाकडी पिंपात बसवून पुरत, गुडघे छातीशी, मान खाली. सगळीकडे बर्फ सपाट. एका थडग्यावर नाही. तिथे तो आतून वर ढकललेला होता आणि मधून पिंपाच्या झाकणाची फळी उभी बाहेर आली होती.

थडगं वाचलं. हाचिया सरांच्या कागदावरचं नाव होतं. पाचवीतला मुलगा, सतराव्या वर्षी गेलेला.

१३ मार्च, मंगळवार

दुसरं थडगं.

बारा आहेत. बारा आधी, मग मुलं. तेवीसला बारावा. चोवीसला, समारोपाच्या दिवशी, बेचाळिसावी कॉर्ड मुलांपैकी पहिल्याची. मला आणखी दहा हव्यात, आणि मग चार. राखलेल्यांपैकी तीन आहेत.

मुलांना सांगितलं की थोडे दिवस आणखी. तेप्पेईने विचारलं, एप्रिलमध्ये खालच्या शाळेत गेलो की थांबेल ना? त्या शाळेतही सभागृह असेल. पियानो असेल. पहिल्याच दिवशी कुणीतरी हसून तीन कॉर्ड वाजवेल. या देशात अशी शाळा नाही जिथे वाजवत नाहीत.

थांबेल म्हणाले.

१६ मार्च, शुक्रवार

दोन तास. सत्तावीस वेगवेगळ्या वाजवल्या, तेव्हा एकीला उठली. हारुएच्या नाकातून रक्त, खाली डोकं राहून. जमिनीवर थेंब. ती म्हणाली, माफ करा बाई, पुसते.

मेलेल्यांना वाजवते आहे.

१९ मार्च, सोमवार

शाळागीताची साथ पूर्ण करून हाचिया सरांना दिली. त्यांनी न वाचता फाइलमध्ये ठेवली. त्यांच्या खोलीत आता उंच खुर्ची आहे.

मुलांच्या आयांना मी म्हणाले, घेऊन जा यांना, दूर, कुठेही, तोक्योला. शिगेमीची आई म्हणाली, नेलं तर तुमचा आवाज तिथे कसा पोहोचेल? किराणावालीने मला अंडी दिली. फेकून दिली. मग सगळी वेचून घेतली, तेप्पेईच्या आजोबांनी पाहिलं म्हणून.

२१ मार्च, बुधवार

तीन तास दहा मिनिटं.

काझुमा आता मला बुटांवरून ओळखतो. म्हणाला, बाई, आज ब्राऊन.

आणखी दोन थडगी. मग मुलं. माझ्याकडे तीन. तेवढ्याच. त्यातल्या दोन मेलेल्यांना. एक उरते. निदान एक मूल. कोणतं, ते माझ्या हातात नाही.

मी विचारते आहे कोणतं असावं. असा विचार करू नये. करते आहे.

२३ मार्च, शुक्रवार

बारावं थडगं उघडलं. ताकी-सान बघून आली.

शिगेमी तासानंतर थांबली. म्हणाली, बाई, नाही जमलं तर राहू द्या. आम्हाला सवय झालीय. तेप्पेईला पण. तो म्हणतो, हरवलेली नाणी आधी त्यालाच सापडतात.

शेवटची राहिली आहे. सर्वांत खालची पट्टी, एकटी. तिच्यावर काही नाही. कॉर्डही नाही ती खरं तर. नुसता खर्ज. दिवसभर पलीकडे काही सापडतं का शोधलं —

नाही.

२४ मार्च, शनिवार

नऊ पन्नास. वही स्वरलिपीच्या जागी ठेवली आहे.

सभागृह भरलं आहे. एकोणतीस जण, ताठ, नव्या शिवलेल्या कपड्यांत. मागे बारा खुर्च्या कुणीतरी रिकाम्या सोडल्या आहेत. चार मुलं पुढे.

दहा.

वाकली.

वाजवली.

मुलं उठली नाहीत. एकही नाही. चौघं तशीच —

माझी पाठ. मी हललेले नाही. खालून, एकेक मणका, कुणीतरी सरळ —

वाकणारे एक्केचाळीस मोजले. वाजवणारा, साकाकी मास्तर, मोजला नाही. तोही त्या दिवशी वाकला होता. इथेच, याच स्टुलावर, पट्ट्यांवर —

बेचाळीस.

डावा हात माझा नाही. उजव्याने लिहिते.

तो आपला अर्धवट राहिलेला समारंभ पुढे नेतो आहे. पहिली वाजवली. सगळे ताठ. हाचिया सर रडताहेत, ओळखलं त्यांनी —

शिगेमी खालून विचारते, बाई, झालं का. बाई, झालं का

दुसरी. कोपरापासून बोटांपर्यंत. सगळे वाकले. एकोणतीसही. ताकी-सान दारात, तीही. मागच्या खुर्च्या हलल्या —

माझ्याकडे एकही उरली नाही. आणि त्याला तिसरी — त्याने ती कधी वाजवलीच —

मुलं वाट बघताहेत. हात पट्ट्यांवर आहे, उचलला जात नाही, मी उजव्याने त्याला धरून